‘बॅटरीत मेकॅनिकलवाल्यांचं काय काम?’

(पत्राचा सारांश: मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, ५८ टक्के. लिथियम-आयन बॅटरीचे इलेक्ट्रोड (आतले ऋण आणि धन भाग) का तडकतात यावर तिला प्रकल्प करायचा आहे, पुढेही तेच शिकायचं आहे. वडिलांनी सॉफ्टवेअर कोर्सची फी भरून टाकली आहे. ते लिहितात, ‘बॅटरी हा केमिस्ट्रीचा विषय. तिला समजवा.’)

तुमच्या पत्रात गुणांचा उल्लेख एकदाच येतो, ‘आम्ही ठरवलंय’ मात्र चारदा. काळजी मला त्याचीच वाटते. फी भरल्याचं मुलीला पावती बघून कळलं, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हापासून ती घरात अभ्यासाचं काही बोलत नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतं. कशी बोलेल ती? निर्णय झाल्यावर बोलायला उरतं काय? तिला मी समजावणार नाही. समजून घ्यायचं आहे ते तुम्ही.

बॅटरी म्हणजे केमिस्ट्री, हे अर्धंच खरं. चार्ज होताना लिथियम ॲनोडच्या, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडच्या, कणांत शिरतं आणि ते फुगतात. डिस्चार्ज होताना बाहेर पडतं आणि ते आक्रसतात. ॲनोडमधल्या ग्राफाइटचं आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढतं, सिलिकॉन तर फुगून जवळपास चौपट होतं. कणावरचा संरक्षक थर दर फुगण्याला फाटतो, पुन्हा बनतो, आणि त्यात लिथियम कायमचं खर्ची पडतं. कॅथोडची, म्हणजे धन इलेक्ट्रोडची, तऱ्हा वेगळी. निकेल जास्त असलेला कण हा बहुधा असंख्य बारीक स्फटिकांचा गोळा असतो. प्रत्येक स्फटिक आपापल्या दिशेने आक्रसतो, सांधे उकलतात, भेगांत इलेक्ट्रोलाइट (बॅटरीतलं द्रव) शिरतं आणि आतल्या नव्या पृष्ठभागावर नको त्या अभिक्रिया सुरू होतात. घाईने चार्ज केलं तर कणाच्या कडेला आणि गाभ्यात लिथियम सारखं राहत नाही, आणि ताण आणखी वाढतो. ताण, फटीग (वारंवार ताण येऊन पदार्थ थकणं), भेगेची वाढ: हा तुमच्या मुलीच्याच शाखेचा अभ्यास आहे.

५८ टक्क्यांनी सगळ्या वाटा बंद होत नाहीत. पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यायची, मात्र त्या त्या संस्थेची किमान गुणांची अट आधी बघायची.

तिच्या प्रस्तावाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. त्यात फक्त सिम्युलेशन आहे आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री कच्ची दिसते. तिने स्वतःच्या हाताने २०३२ आकाराचे कॉइन सेल (नाण्यासारखे छोटे गोल सेल) बनवावेत. सुरुवातीला लेपात ८० भाग सक्रिय (लिथियम साठवणारा) पदार्थ, १० कार्बन, १० बाइंडर (कण एकत्र धरणारा). ॲनोडचा लेप तांब्याच्या फॉइलवर, कॅथोडचा ॲल्युमिनियमच्या. व्हॅक्यूममध्ये नीट सुकवून जोडणी आरगॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये (बाहेरची हवा न शिरणाऱ्या बंद पेटीत), पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमच्या (दहा लाखांत एका भागाच्या) खाली. पहिली दोन-तीन चक्रं सावकाश, दहा तासांत पूर्ण चार्ज होईल इतक्या कमी करंटने.

चूक होते ती भेगा बघताना. इलेक्ट्रोड ब्लेडने कापला की कण कापण्यानेच तडकतात. इलेक्ट्रोड बनवताना रोलरखाली दाबतानाही काही फुटलेले असतात. म्हणून छेद आयन बीमने (विद्युतभारित कणांच्या झोताने) घ्यायचा, आणि त्याच पट्टीचा एक तुकडा चार्ज न करता बाजूला ठेवून त्याचाही तसाच छेद बघायचा. ही तुलना नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी भेग चार्जिंगमुळेच पडली, असं म्हणता येत नाही. प्रस्तावात या तुलनेचा उल्लेखच नाही. ती दुरुस्ती आधी करावी आणि ग्लोव्हबॉक्सच्या वेळा मार्गदर्शकांकडून लेखी घ्याव्यात. कोर्सची फी परत मिळण्याची मुदत तुम्ही आजच बघा, तिला सोबत बसवून.