जुना राउटर आतल्या खोलीसाठी वापरताना

मुंबईच्या फ्लॅटांत हॉलमधल्या राउटरचा सिग्नल बहुधा काँक्रीटच्या भिंतींपाशीच अडतो, त्यामुळे जुना राउटर केबलने आतल्या खोलीत जोडण्याचा तुमचा विचार अगदी योग्य आहे.

- प्रथम तो रिसेट करून लॅपटॉपला जोडा, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर १९२.१६८.१.२ सारखा मोकळा) आणि डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते देणारी सोय) बंद करा, हे राहून गेले, तर दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात आणि नेट मधूनच बंद पडते.
- केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेत) घाला. नवखे हमखास वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या खाचेत) घालतात.

वायफायचे नाव व पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवा, २.४ गिगाहर्ट्‌झचा चॅनेल मात्र १, ६, ११ यांपैकी त्याच्याहून वेगळा निवडा. मेशच्या (एकत्र चालणाऱ्या अनेक वायफाय उपकरणांच्या संचाच्या) भानगडीत आत्ताच पडू नका.