तुमचे प्रश्न : ‘मी दहावी पास, मी कसला रिसर्च पार्टनर?’

प्रश्न : ताई नमस्कार. मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. चार वर्षं झाली डायलिसिसला बसतोय, आठवड्यातून दोनदा, तालुक्याच्या गावी. मागच्या महिन्यात सेंटरवर एक मॅडम आल्या, म्हणाल्या आमचा प्रोजेक्ट आहे, पेशंटला डायलिसिसची सेवा कशी मिळते त्यावर, तर तुम्ही त्यात ‘पेशंट पार्टनर’ व्हाल का. बायको म्हणते कुठं सही करू नका, तुमचा उंदीर करतील. पोरगा म्हणतो फोटो काढून मोकळे होतील. आणि मला वाटतं मी दहावी पास, मी त्यांना काय सांगणार? मला एवढंच माहितीय की डायलिसिस सुटल्यावर सव्वा तास स्टँडवर बसतो, हाताला पट्टी, डोकं गरगरतंय, आणि गाडी आली की उभं राहून जायचं, ज्या गाडीत मी तीस वर्षं तिकिटं फाडली त्याच गाडीत. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : काका, पहिल्यांदा वहिनींच्या उंदराचं बघू. दोन गोष्टींची गल्लत होतेय. तुमच्यावर औषध किंवा तपासणी करून बघायची असेल, किंवा तुमची माहिती फॉर्मवर भरून घ्यायची असेल, तर तुम्ही अभ्यासातले सहभागी पेशंट. त्याला संमतीपत्र लागतं, ते तुमच्या भाषेत समजावून सांगावं लागतं, आणि मधेच ‘मला नको’ म्हणायचा हक्क तुम्हाला असतो. पार्टनर म्हणजे वेगळं. पार्टनर टेबलाच्या त्या बाजूला बसतो, म्हणजे काय विचारायचं, कुणाला विचारायचं, कधी विचारायचं, आलेल्या उत्तरांचा अर्थ काय लावायचा, हे ठरवताना तो तिथे असतो. मॅडमना तुमचं रक्त नकोय, डोकं हवंय. तरी एकदा सरळ विचारून घ्या की यातलं नक्की कुठलं, कारण बोलावणारे पण बरेचदा दोन्हीची मिसळ करतात.

आता दहावीचं. तुम्ही पत्रात ती स्टँडवरची ओळ सहज लिहून गेलात, मी ती तीनदा वाचली. डायलिसिस सेंटरच्या सेवेवरचा फॉर्म एखाद्या हुशार माणसाला करायला दिला तर तो काय विचारेल? मशीन वेळेवर मिळालं का, टेक्निशियन नीट बोलतो का, स्वच्छता आहे का, पैसे मागितले का. सगळे बरोबर प्रश्न. पण सेंटरच्या दारातून बाहेर पडल्यावर पेशंटचं काय होतं हे त्या फॉर्ममधे येणारच नाही, कारण फॉर्म करणारा कधी हाताला पट्टी बांधून स्टँडवर बसलेला नाही. आणि कुणास ठाऊक, उद्या असं निघालं की दुसरी शिफ्ट अर्धा तास आधी सुरू केली तर तुमच्या बाजूच्या दहा पेशंटना आधीची गाडी मिळते, तर त्याला ना नवं मशीन लागतं ना नवी योजना. पण प्रश्नच विचारला नाही तर उत्तर येणार कुठून.

हे मी उगाच हवेत बोलत नाही, माझी स्वतःची फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी शुगरच्या पेशंटसाठी एक फॉर्म मी बनवला होता, मोठ्या ऐटीत, आणि त्यात प्रश्न होता ‘आपण नियमित व्यायाम करता का?’ गावातल्या बाया एकामागून एक ‘नाही’ म्हणत गेल्या आणि मी खुणा करत गेले. फॉर्म भरून झाल्यावर त्यातल्याच एक मावशी डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन चढावरून येताना दिसल्या. मी म्हटलं मावशी, तुम्ही तर व्यायाम नाही म्हणालात! त्या थांबल्या पण नाहीत, चालता चालता म्हणाल्या, ‘व्यायाम शहरातल्या बाया करतात गं, आम्ही कामं करतो.’ झालं, आख्खा रकाना फुकट. कागदावर सगळं गाव आळशी. मावशींना फॉर्म छापायच्या आधी दाखवला असता तर दोन मिनिटांत निस्तरलं असतं, आणि मावशी शाळेत किती गेल्या होत्या ते विचारू नका.

तुमच्याच आजाराचं उदाहरण पण आहे. डायलिसिसवरच्या संशोधनात नक्की काय मोजायचं हे ठरवायला 2014 च्या सुमाराला साँग नावाचा एक आंतरराष्ट्रीय प्रयत्न सुरू झाला, त्यात 70 हून जास्त देशांतले पेशंट, घरचे लोक आणि डॉक्टर यांना विचारलं. डॉक्टरांच्या यादीत मृत्यू आणि हॉस्पिटलात भरती होणं वर. पेशंट काय म्हणाले माहितीय? प्रवास करता येतो का, डायलिसिसशिवायचा वेळ किती उरतो, आणि डायलिसिसनंतर अंगातलं त्राण जातं त्याचं काय. शेवटी सगळ्यांनी मिळून ज्या चार गोष्टी प्रत्येक अभ्यासात मोजायच्याच असं ठरवलं त्यात हृदयविकार, फिस्टुलासारखी रक्त काढायची जागा आणि मृत्यू यांच्या जोडीला थकवा बसला. ‘डायलिसिसचा दिवस जातोच, दुसरा पण झोपून जातो’ हे तुमच्या सेंटरवर रोज कुणीतरी म्हणत असेल, तेच हे.

तर जा, पण मॅडमना आधी हे विचारून घ्या : फॉर्म अजून बदलता येतो का, की छापून आलाय? छापून आला असेल तर पार्टनर नकोय त्यांना, साक्षीदार हवाय. मीटिंग डायलिसिसच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठेवू नका म्हणावं. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात पेशंटच्या हक्कांना धक्का लागत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, परवानगी आहे ना, मी सांगितलेलं माझ्या डॉक्टरांच्या कानावर माझ्या नावानिशी जाणार नाही ना, हे पण विचारा, त्याच खुर्चीत परवा परत बसायचंय तुम्हाला. आणि एकटे जाऊ नका, सेंटरवरचा अजून एखादा पेशंट सोबत घ्या. मोठ्या लोकांत एकट्या पेशंटचा आवाज बसतो, दोघं असले की एकमेकांकडे बघून तरी बोलतात.

प्रश्न : मी एमडीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिसवरून पेपर लिहिला. जर्नल विचारतंय की संशोधनात पेशंटचा सहभाग कसा घेतला ते लिहा. सहभाग काही नव्हता, पेशंट ओपीडीतले, डेटा गोळा केला, संपलं. मित्र म्हणतो ‘पेशंटशी चर्चा करून आराखडा केला’ अशी एक ओळ टाक, कोण बघतंय. शिवाय खरं सांगायचं तर मला हे फॅडच वाटतं, स्टॅटिस्टिक्स पेशंटला काय कळणार?
– निवासी डॉक्टर, नागपूर

उत्तर : ती ओळ टाकू नका हो. ‘पेशंटचा सहभाग घेतला नव्हता’ असं लिहा. बीएमजे या ब्रिटनच्या मेडिकल जर्नलने 2014 पासून लेखकांना हे विचारायला सुरुवात केली, आणि सहभाग नसेल तर नाही म्हणून लिहा असंच त्यांचं म्हणणं आहे, ‘सहभाग नव्हता’ असं लिहिलं म्हणून पेपर परत येत नाही. खोटं लिहिलंत आणि कुणी खोलात विचारलं की कोणते पेशंट, कितीदा भेटलात, काय बदललं, तर मग काय?

फॅडबद्दल. पेशंटला स्टॅटिस्टिक्स शिकवा असं कुणी म्हणत नाहीये. संधिवाताच्या ट्रायल्समधे काय मोजायचं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा तज्ज्ञांचा गट आहे, 1992 पासूनचा. सुजलेले सांधे मोजायचे, दुखणं मोजायचं, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) बघायचा, सगळं शिस्तीत. 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या बैठकीत पहिल्यांदा 11 पेशंट बसवले आणि ते म्हणाले की सांध्यांचं ठीक आहे, पण आम्हाला आडवं पाडतो तो थकवा, तो तुमच्या यादीत कुठे आहे? नव्हता. पुढे काही वर्षांत संधिवाताच्या अभ्यासात थकवा मोजावा असं त्याच तज्ज्ञांनी मान्य केलं. एवढी वर्षं ते पेशंट ओपीडीत समोरच बसलेले होते, थकवा सांगतही असतील, पण ‘ईएसआर किती’ म्हणून आपण पुढे.

आणि तुम्ही विदर्भातले, गडचिरोली काही लांब नाही. तिथल्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गोंड लोकांना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं ऐकून मजा वाटेल, मग वाटेनाशी होईल. पांढरे कपडे आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो, तुमचे डॉक्टर नर्स तेच घालून फिरतात, ते जीव काय वाचवणार? आणि नातेवाइकांना बाहेर काढता, मग आजारी माणूस एकटा राहणार कसा? त्यातून लोकांच्या सांगण्यावरून झोपड्यांसारखा, घरच्यांना सोबत राहता येईल असा दवाखाना उभा राहिला आणि त्याला नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. आता सांगा, पांढऱ्या कोटाचा हा मुद्दा कुठल्या प्रश्नावलीत आला असता?

तुमचा अभ्यास संपलाय तरी एक करता येईल. निकाल पाच-सहा पेशंटना मराठीत सांगा आणि विचारा की यातलं तुम्हाला काय पटलं, काय नाही. हा सहभाग उशिराचा आहे, तसंच लिहा.

प्रश्न : मी कॅन्सरमधून बरी झालेली बाई. एका संस्थेने सल्लागार समितीवर घेतलं. दोन मीटिंगा झाल्या, सगळं इंग्रजीत, स्लाइडवर स्लाइड, शेवटी ‘मॅडम तुम्हाला काही बोलायचंय का’ आणि मग चहा. पोस्टरवर माझा फोटो मात्र मोठा. सोडून देऊ का?
– पुणे

उत्तर : म्हणजे हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं झालं, वाण दिलं, फोटो काढला, या आता. लगेच सोडू नका, एक मीटिंग अजून द्या आणि आधी एक मेसेज करा : विषय काय आहेत ते मराठीत दोन दिवस आधी पाठवा, आणि माझं बोलणं शेवटी नाही, पहिल्या अर्ध्या तासात ठेवा. मीटिंगमधे एकच विचारा, ‘मागच्या वेळी मी जे म्हटलं त्यातलं काय बदललं?’ काही नाही म्हणाले तर फोटो काढायला सांगा पोस्टरवरून आणि घरी या.

आपल्याकडे हे जमत नाही असं मात्र नाही. महाराष्ट्रात 2007 पासून सरकारी आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुण्याची ‘साथी’ संस्था त्यात समन्वयाला होती. गावातल्या लोकांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारायचं की औषध बाहेरून का आणायला लावलं. तिथे इंग्रजी स्लाइड नव्हत्या, माइक होता आणि तो बायांच्या हातात होता.

प्रश्न : अशा कामाचे पैसे मिळतात का? मागायला लाज वाटते.
– वाचक, चिपळूण

उत्तर : लाज कसली, त्या खोलीतले बाकी सगळे पगारावर बसलेले असतात. ब्रिटनमधे सरकारी पैशावरच्या संशोधनात पेशंट पार्टनरला किती द्यावं याचे दर छापलेले असतात. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अभ्यासात भाग घेणाऱ्यांना प्रवासखर्च वगैरे देता येतो असं आहे, पार्टनरसाठी मात्र प्रोजेक्टच्या बजेटमधे आधीच रक्कम धरावी लागते, नंतर मागितलं की ‘हेड नाही’, म्हणजे बजेटमधे तो खर्चच धरलेला नाही, असं ऐकायला मिळतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा : येण्याजाण्याचं, बुडालेल्या रोजाचं आणि सोबत आलेल्या माणसाचं काय? आणि एसटीचं तिकीट फेकू नका, बिलाला जोडावं लागतं, वरच्या कंडक्टर काकांना हे वेगळं सांगायला नको.