अडीच वर्षांच्या मुलीला प्लेग्रुपसाठी बूट घेतेय, घरचे म्हणतात एक नंबर मोठा घे. घ्यावा का?

नका घेऊ. वाढत्या अंगाचं घ्यायचं हे फ्रॉकला ठीक आहे हो, बुटाला नाही. मोठ्या बुटात पाऊल पुढे-मागे सरकत राहतं, मग पोरं बूट निसटू नये म्हणून बोटं आवळून चालतात आणि धडपडतात.

जागा ठेवायचीच, पण मोजून. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे (ते अंगठाच असेल असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं) 10 ते 12 मिमी, बस. आता आपल्याकडचे नंबर बहुतेक यूकेचे, त्यात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिमी, म्हणजे नीट बसणाऱ्या बुटावर अजून एक नंबर चढवला की पुढे जवळजवळ 2 सेमी मोकळं, टाच निघणारच ना.

दुकानात वरून अंगठ्याने दाबून "बघा ताई, जागा आहे" म्हणतात त्यावर जाऊ नका, मुलं दाबलं की बोटं आत ओढून घेतात. आणि मुलीला "चावतोय का गं" विचारूनही फार उपयोग नाही, या वयात पावलात बरीचशी मऊ कूर्चाच (अजून पक्कं हाड न झालेला भाग) असते त्यामुळे बूट घट्ट असला तरी दुखेलच असं नाही, शिवाय गुलाबी चकचकीत बूट असेल तर ती नाही म्हणणारच नाही 😄 त्यापेक्षा घरी तिला कागदावर उभी करून (बसवून नाही, उभं राहिल्यावर पाऊल पसरतं) दोन्ही पावलं आखून घ्या, जे मोठं भरेल त्याच्या लांबीत 12 मिमी मिळवून पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी कापा आणि ती पर्समध्ये टाकून दुकानात जा. पट्टी बुटात टाचेपर्यंत सपाट बसली पाहिजे, वाकली तर बूट लहान, मागे बरीच जागा उरली तर मोठा. आतला सोल सुटा निघत असेल तर त्यावर तिला उभं करा, अजून सोपं. नंबरावर विसंबू नका, एका कंपनीचा सातचा आणि दुसरीचा सातचा यात फरक असतो.

लक्ष्मी रोडला जाणार असाल तर वीकडेला संध्याकाळी जा. दिवसभर खेळून पाऊल जरा फुगलेलं असतं तेव्हाच माप घ्यावं, आणि तसंही दुपारी काही दुकानं बंदच. जूनच्या रविवारी तर मुळीच नको, शाळेच्या बुटांची ती झुंबड, दुकानदाराला दोन्ही पाय बघायला वेळ नसतो.

बाकी बूट हातात घेऊन वाकवा, चवड्यापाशी सहज वाकला पाहिजे, मधोमध नाही. टाचेचा भाग टणक हवा. वेल्क्रो घ्या, लेस बांधत बसाल रोज सकाळी रिक्षाकाका हॉर्न देत असताना. चूं चूं वाजणारे घेतलेत तर शेजाऱ्यांशी तुमचं तुम्ही बघा.

तीन वर्षांपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी पट्टी नव्याने करून बघा, म्हणूनच फार महागडे घेऊ नका. मामेबहिणीचे रोज वापरून झिजलेले बूट नकोत, ते तिच्या पायाच्या आकाराचे झालेले असतात, लग्नात एकदा घातलेले असतील तर खुशाल वापरा. घरात अनवाणीच राहू दे. तळवा सपाट दिसतोय म्हणून कमानवाले स्पेशल बूट कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, या वयात बहुतेकांचा तसाच असतो. दुखतंय म्हणाली किंवा लंगडली तरच डॉक्टरांना दाखवा.