चंद्रावर फिरणाऱ्या रोव्हरची (चाकांच्या रोबोट गाडीची) टेस्टिंग इस्रो आपल्या साक्रीकडच्या उघड्या माळावर का नाही घेत?

भाऊ, माळ तर भारीच आहे, पण खडक वेगळा पडतो ना. आपला धुळ्याकडचा सगळा काळा बेसाल्ट, तसला चंद्रावर जे काळे डाग दिसतात तिथं सापडतो, आणि चांद्रयान-3 चं रोव्हर प्रज्ञान उतरलं 2023 मधे दक्षिणेकडच्या उंच भागात, तिथं पांढुरका अ‍ॅनॉर्थोसाइट. म्हणून इस्रोनं तामिळनाडूत नामक्कलजवळच्या सित्तमपुंडीचा दगड दळून माती बनवली. दळलेली माती महत्त्वाची, कारण चाक रुततं ते बारीक भुकटीत, दगडात नाही (उन्हाळ्यात आमच्या शेतरस्त्याच्या फुफाट्यात बाईक घालून बघ 😄).

दुसरी भानगड वजनाची. रोव्हर 26 किलोचं, पण चंद्रावर गुरुत्वाची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणजे चाकांवर जेमतेम सव्वाचार किलोचा भार. तो माळावर कसा आणणार?