महाराष्ट्राने सायबर गुन्ह्यांसाठी स्वतःचा वेगळा कायदा करावा का?

तामिळनाडूने २०१४ साली आपल्या गुंडा कायद्यात (खटल्याआधीच स्थानबद्ध करण्याचा कायदा) सायबर गुन्हेगार घातले, तसं आपल्याकडेही करता येईल. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० केंद्राचा आहे आणि पोलीस खातं राज्याचं. म्हणजे कायदा आहे आणि तो राबवणारे आपलेच; कमतरता राबवण्यात आहे.

२०२२ च्या पावसाळ्यात बाबांना मेसेज आला, ‘बिल थकलंय, रात्री साडेनऊला वीज तोडू.’ बाबा निवृत्त शिक्षक, बिल कधी एक दिवस उशिरा भरलेलं नाही. घाबरून त्या नंबरवर फोन केला, सांगितलेलं ॲप घेतलं, दहा रुपये भरले. खात्यातले ८६ हजार गेले.

आम्ही नाशिक शहरात इंदिरानगरला राहतो, बँकेचं खातं निफाडला. शहर पोलीस म्हणाले ग्रामीणला जा, ग्रामीणवाले म्हणाले शहरात. बाबांनी फुलस्केपवर अर्ज लिहिला, तेच फळ्यावरचं वळणदार अक्षर. तिसऱ्या ओळीत होतं, ‘माझ्याच चुकीमुळे’. तो कागद मी फाडला आणि दुसरा लिहायला लावला. अर्जावर शिक्का मिळाला, गुन्हा दाखल व्हायला पाच आठवडे. कारण काय, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यात निरीक्षकच लागतो आणि साहेब बंदोबस्ताला. अहो, कलम ७८ मध्ये शब्द ‘तपास’ असा आहे, तक्रार लिहून घेण्याबद्दल त्यात काही नाही!

आमचे थोरले बंधू आजही म्हणतात, ‘ओटीपी आपणच दिला, मग गुन्हा कसला?’ साफ चूक. खोटं नाव सांगून संगणक किंवा मोबाइलवरून फसवणं हाच कलम ६६ड चा गुन्हा. फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे. घरातलेच असं बोलतात म्हणून म्हातारी माणसं तक्रारीला जात नाहीत.

तुमच्या बाबतीत असं घडलं तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, एफआयआर घ्यावाच लागतो. भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली पाच कोटींपर्यंतचा दावा करता येतो, हे ठाण्यात आम्हाला कोणी सांगितलं नाही.

एक मान्य करतो, ६६ड ला शिक्षा तीन वर्षांपर्यंतच आणि गुन्हा जामीनपात्र. तिथे कायदा कडक व्हायला हवा. शिवाय ओटीपी दिलेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार आपल्यालाच सोसावं लागतं. पण ते बँकेच्या हिशेबापुरतं. दादाने त्यावरून बाबांना गुन्हेगार ठरवू नये.