नवी थार घेतलीस, आता बदल जपून कर

अभिनंदन! पण लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) आणि मोठे टायर मागवण्याआधी वॉरंटीच्या पुस्तिकेतलं 'यात काय येत नाही' हे पान नीट वाच.

सर्वाधिक वाद वायरिंगवरून होतात. हेडलाइटची वायर सोलून एलईडी बार जोडला, की पुढे ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जाऊ दे नाहीतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), सर्व्हिस सेंटर त्या जोडाकडेच बोट दाखवतं. म्हणून रिले-फ्यूजसह मूळ कपलरला (वायर जोडायच्या सॉकेटला) बसणारं हार्नेस (वायरिंगचा तयार संच) घे आणि एकही वायर कापू देऊ नकोस. दुकानदार 'काही होत नाही साहेब' म्हणेलच, ऐकू नकोस. ईसीयू रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदलणं, तर वॉरंटी संपेपर्यंत नकोच. मूळ फाइल परत टाकली तरी सॉफ्टवेअर बदलल्याची नोंद मागे राहू शकते.

लिफ्टनं चाकांना ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचे कोन बदलतात, जड टायरनं बेअरिंग आणि डिफरन्शियलवर (चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरवर) ताण येतो. त्या भागांचा क्लेम नाकारला जाईल असं धरूनच खर्चाचा हिशेब कर.

बुलबार (पुढच्या बंपरवरचं लोखंडी गार्ड) तर बसवूच नकोस, केंद्रानं २०१७ मध्येच त्याला मनाई केली आहे. बेकायदा बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येकी ५००० रुपये दंड होऊ शकतो. जे बसवशील ते शक्यतो शोरूममधूनच, पक्क्या बिलावर, आणि विमा कंपनीला लेखी कळवून.