मुलगा अमेरिकेतल्या काउंटी जेलमध्ये आहे, पैसे पाठवू का? पत्रात काय लिहू?

सांगलीकडच्या एक काकू आहेत (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला, तिथे एका भांडणाच्या केसमध्ये अटक झाली, जामीन अजून व्हायचाय. काका म्हणतात एक रुपया पाठवायचा नाही, घडू दे अद्दल. आणि काकूंचे मला रात्री-अपरात्री मेसेज, तो जेवला असेल का हो, पैसे पाठवले तर चुकीला पाठीशी घातल्यासारखं होईल का? परदेशात पोरं असलेल्या घरांतून हा प्रश्न येत राहतो म्हणून इथे लिहितेय.

काकांना मी आधी हेच सांगितलं की काउंटी जेल (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाकडे असतं आणि तिथले बहुतेक जण खटल्याची वाट बघत असतात, गुन्हा सिद्ध झालेला नसतो. जेवण मिळतं, पण बरा साबण, शाम्पू, नूडल्सची पाकिटं, पत्राला कागद आणि स्टॅम्प हे कमिसरीतून म्हणजे आतल्या दुकानातून स्वतःच्या खात्यावर घ्यावं लागतं. मुलगा शाकाहारी, निम्मा ट्रे तसाच परत जायचा. त्याला नूडल्सपुरते डॉलर देणं म्हणजे लाड नव्हे. (शाकाहारी जेवणासाठी अर्ज त्यालाच आतून करावा लागतो.)

काकूंना मात्र एकदम हजार डॉलर टाकायचे होते, मी म्हटलं नको, कारण काही काउंट्या डॉक्टरची फी वगैरे त्याच खात्यातून कापून घेतात, सुटताना उरलेले पैसे बऱ्याच ठिकाणी डेबिट कार्डवर देतात आणि त्याला परत चार्जेस, शिवाय आत कोणाकडे पैसे आहेत हे लपून राहत नाही, मग मागणारे मागे लागतात. थोडे थोडे, ठरावीक दिवशी टाका. फोनचं खातं बहुतेक वेळा वेगळं असतं, जामिनाचे पैसे तर पूर्णच वेगळे, कमिसरीत टाकून जामीन होत नाही. भाची डॅलसला आहे, ती जेलच्या लॉबीतल्या मशीनवर भरते. पोस्टाने कॅश अजिबात पाठवू नका.

खरी अडचण पत्राची होती. काकांनी शेवटी लिहिलं आणि मला फोटो पाठवला, पहिलीच ओळ, 'खरं सांग, तू हात उचललास का?' मी लगेच फोन केला, काका हे पाठवू नका. तिथे पत्रं उघडून तपासतात, घरच्यांचे फोन रेकॉर्ड होतात आणि ते कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरता येतं. मराठीत आहे म्हणून कोणाला कळणार नाही असं धरून चालू नका, भाषांतर करून घेतात. केसचं बोलणं फक्त वकिलाशी. काका गप्प झाले, मग म्हणाले, मग लिहू काय, मला तर नुसता राग येतोय. म्हटलं तेच लिहा, राग आलाय पण तू आमचाच आहेस, आणि पुढे घरचं लिहा. त्यांनी बोअरची मोटर जळली त्यावर दोन पानं लिहिली! कोणी काढली, वायरमनने किती घेतले, सगळं. पोराने उत्तरात मोटरचंच विचारलं, मग दोघांचं सुरू झालं.

पाकिटावर जेलच्या रेकॉर्डला आहे तसंच पूर्ण नाव, बुकिंग नंबर (अटकेनंतर जेलने दिलेला कैद्याचा नंबर) आणि पाठवणाऱ्याचा पत्ता हवाच. साधा पांढरा कागद, निळं नाहीतर काळं पेन, स्टेपल-स्टिकर काही नको. काकूंना आत चिमूटभर अंगारा घालायचा होता. प्लीज असं करू नका, कसलीही पूड दिसली की पत्र अडकतं आणि चौकशी त्याच्या मागे लागते. लाडू-चिवड्याचं पार्सलही घेत नाहीत. पुस्तक द्यायचं तर बहुतेक ठिकाणी नवं, पेपरबॅक आणि थेट दुकानाकडून गेलेलंच चालतं. आता बऱ्याच काउंट्यांत पत्र आधी दुसऱ्याच शहरातल्या स्कॅनिंग कंपनीकडे जातं आणि मुलाला ते टॅबलेटवर दिसतं, त्यामुळे पत्ता जेलचा असेलच असं नाही, शेरीफच्या वेबसाइटवर बघून घ्या.

व्हिसावरच्या मुलांना कधीकधी काउंटी जेलमधून इमिग्रेशनच्या ताब्यात हलवतात, तेव्हा नंबर आणि पत्ता दोन्ही बदलतात, पत्र परत येतं आणि घरचे घाबरतात. म्हणून दर वेळी पत्र टाकायच्या किंवा पैसे भरायच्या आधी तिथल्या कोणाला तरी जेलच्या ऑनलाइन यादीत त्याचं नाव बघायला सांगा, नाव दिसलं नाही तर आधी वकिलाला फोन.